तावेत्तीची फळी

खोटं सांगून मला काय मिळणार आहे?

तुइरे माझी नणंद. तिच्या कपाळावरचा व्रण मी अजून बघते. तिचा धाकटा भाऊ इल्पो, माझा नवरा. आणि ज्या घरात हे घडलं, त्याच घरात बसून मी हे लिहिते आहे.

१९९७ चा डिसेंबर. फिनलंडमधला सावो भाग. हिवाळ्यात इथे दुपारी तीनलाच अंधार पडतो.

तुइरे तेव्हा विशीची. गळा गोड, पण गाणी सगळी मरणाची. इल्पो ड्रम बडवायचा. गिटार आणि घशातलं गुरगुरणं त्यांचा मित्र सेवेरी याच्याकडे. तिघांनी मिळून गॉथिक मेटल बँड काढला होता. नाव ठेवलं इत्कुहान्की, म्हणजे रडणारं बर्फ. धान्य वाळवायच्या जुन्या कोठारात वर्षभर घसे फोडले, पण कुत्रंही विचारेना.

"स्टेजवर प्लास्टिकच्या कवट्या सगळेच मांडतात," सेवेरी म्हणाला. "आपल्याला खरं काहीतरी पाहिजे."

खरं काहीतरी घरापासून हाकेच्या अंतरावर उभं होतं...

इथली जुनी रीत अशी. प्रेत दफनभूमीकडे नेताना वाटेतल्या एका पाइनवर क्रूस आणि मृत्यूचं साल कोरायचं. मेलेला माणूस घरी यायला निघालाच, तर त्या झाडाशी येतो. आपली खूण बघतो. आपण मेलोय हे त्याला आठवतं, आणि तो आल्या वाटेने मागे फिरतो.

वळणावरचं झाड तावेत्तीचं होतं. हा इल्पो आणि तुइरेचा पणजोबा. कुऱ्हाडीच्या दांड्याने बायकोला झोडपणारा, पोरांना बर्फात अनवाणी पळवणारा. त्याच्या झाडाखालची अळंबीसुद्धा कुणी खुडत नसे.

या तिघांनी ते झाड पाडलं. क्रूस कोरलेली फळी तेवढी कापून घेतली.

शेजारचे एमेली काका धापा टाकत आले. "अरे कार्ट्यांनो! आता त्या राक्षसाला थांबवणार कोण?"

"तुम्ही थांबवा ना काका," इल्पो हसला. "तुम्हाला तिकीट फुकट!"

पहिला कार्यक्रम गावच्या सभागृहात झाला. फळी ड्रमच्या पुढे टांगलेली. फळीच्या पुढे तुइरे. समोर काळ्या कपड्यांतली पोरं, काहींच्या हातात अजून सॉसेज.

तिसरं गाणं सुरू झालं...

ठक्!

तो ड्रमचा आवाज नव्हता.

पुढच्या रांगेतल्या एका पोराचा जबडा लोंबत होता. त्याला कुणीच हात लावला नव्हता.

ठक्!

दुसरा कोसळला. मग शेजाऱ्यानेच मारलं समजून जो तो शेजाऱ्यावर तुटून पडला. दात पडले, डोकी फुटली, लाकडी जमीन रक्ताने निसरडी झाली.

तुइरेला वाटलं, संपलो आपण. झालं उलटंच. गावोगावची पोरं विचारायला लागली, हाडं मोडणारा बँड आमच्याकडे कधी येणार? क्वोपिओ शहरात लोक दारं ढकलून आत घुसले. तिथे दोघांचे हात मोडले. हेलसिंकीहून एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाचा फोन आला.

सेवेरीचे पाय जमिनीला लागेनात. तुइरेची मात्र झोप उडाली.

तिच्या लक्षात आलं होतं. मार खाणारे सगळे फळीच्या पुढचे. फळीमागे बसलेल्या इल्पोला आणि त्याच्या शेजारी उभ्या सेवेरीला साधा ओरखडाही नाही.

आणि फळीच्या पुढे तीही उभी होती.

तिसऱ्या कार्यक्रमात गाता गाता तिच्या तोंडावर गार श्वास आला... ओल्या मातीचा वास आला... आणि स्पीकरमधून एक जाडाभरडा आवाज.

"वाट सोड, पोरी."

पुढच्या क्षणी तिचं कपाळ फुटलं.

टाके पडल्यावर तिने सेवेरीला विचारलं, "ते तूच बोललास ना?"

"मी पाणी पीत होतो." मग म्हणाला, "पण काय आवाज होता गं! रेकॉर्डवर घेऊ या."

"माझ्याऐवजी तुझं डोकं फुटायला हवं होतं, मेल्या!"

सेवेरी करारासाठी हेलसिंकीला गेला. बहीणभाऊ फळी घेऊन घरी आले.

"पुढच्या वेळी कुणीतरी जिवानिशी जाईल, इल्पो."

"आपणच आणली ना? आपणच जाळू."

अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, चुलीत त्यांनी फळी घातली. ती धडधडून पेटली. तापलेल्या दगडांवर पाणी टाकून दोघं वाफेत बसली. कितीतरी दिवसांनी तुइरे मोकळेपणी हसली.

तेवढ्यात बाहेर...

धप्. धप्.

घराच्या पायरीवर कुणीतरी बुटांवरचं बर्फ झटकत होतं. आत जाण्याआधी इथे सगळेच तसं करतात.

घरातून आईचा आवाज आला. "दार उघडंच आहे, या आत!"

इल्पो ओल्या अंगानेच बर्फात धावला. दार आता आतून बंद होतं.

आत ठक्... ठक्... ठक्...

तो खिडकी फोडून शिरला. आई टेबलाखाली पडली होती. दोन्ही हात कोपरापासून उलटे वळलेले. घरात दुसरं कुणीच नव्हतं. बर्फात बुटांचे ठसे दारापर्यंत आले होते.

परतीचा एकही नव्हता.

पोलीस म्हणाले, चोर असेल. सासूबाईंनी पुढचा उन्हाळा पाहिला नाही. बँड तिथेच मोडला.

इल्पोला एकच उपाय सुचला. वळणावरच्या दुसऱ्या पाइनवर त्याने तावेत्तीचा क्रूस आणि साल पुन्हा कोरलं. तुइरेने कंदील धरला. दोघांना जरा धीर आला.

सकाळी एमेली काकांनी ते झाड पाहिलं आणि इल्पोला तिथे बोलावून घेतलं.

"अरे, तो बाहेर असता तर हे ठीक होतं. आता तो घरात आहे. कबरीकडे निघाला की वाटेत ही खूण बघणार, आणि मागे फिरणार!"

"मागे म्हणजे कुठे?" इल्पोने विचारलं.

काकांनी घराकडे बोट दाखवलं.

ते झाड तोडायची कुणाची छाती होत नाही. घराला गिऱ्हाईक मिळत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी या गोष्टीला हसले होते.

हिवाळ्यात कधीतरी दार आपोआप उघडतं. बर्फ करकरवत पावलं वळणाकडे जातात. मी कडी घालते आणि देवाला हात जोडते... जाऊ दे, एकदाचा जाऊ दे त्याला.

मग पायरीवर धप्... धप्...

इल्पो निमूट उठतो आणि कडी काढतो.

मागच्या वर्षी मी त्याला काढू दिली नव्हती. तेव्हापासून माझा डावा हात वर होत नाही.