भाड्याचा टोप

टोपात डोकं घालून मी तळ बघत होते, तेवढ्यात वरून आवाज आला—

"आत पडलंस काय गो? दोर सोडू?"

मान वर केली. भिकाजीशेठच्या भाड्याच्या भांड्यांच्या दुकानात त्यांचा भाचा गुरुदास उभा होता. कमरेवर हात, डोळ्यांत हसू. पुरुषाला एवढ्या लांब पापण्या कशाला हव्यात, असा आधी रागच आला.

"दोर नको, कल्हय व्हयी," मी म्हटलं. "ह्या टोपातली उडाली हा, तांबा दिसता. परवा माझ्या तायचा लगीन. ह्याच्यात सोलकढी करूची आसा. पावण्यांका विष वाढू?"

"काल आचरा गावात ह्याच टोपावर चार पंगती उठल्यो. कोण मेलो नाय."

"आमच्या शेजारच्या वाडीत मेलो."

त्याचं हसू गेलं.

खरं तेच सांगितलं. गेल्या साली त्या वाडीतल्या एका लग्नात आंबट आमटी कल्हई उडालेल्या तांब्याच्या टोपात कळकली, विषारी झाली. अख्खी पंगत ओकली, नवरीचा धाकटा भाऊ दगावला. गाव म्हणालं, गावचा राखणदार देवचार कोपला. देवचाराला नारळ दिला. टोपाला कुणी काही विचारलं नाही! भांडी भाड्यानं देणारा स्वतः त्यातलं जेवत नाही ना, म्हणून हे चालतं.

गुरुदास पुढं झाला. टोप मागल्या दारी नेला, आत वाळू नि गोणपाट टाकलं आणि स्वतःच आत उतरला. भिंतीला धरून पायांनी तळ घासत कमरेतून असा गरागरा फिरू लागला... मला हसू आवरेना.

"हसतंस काय? भातो मार!"

मी भाता ओढला. भट्टीवर टोप तापला, नवसागराचा पांढरा धूर उठला. त्यानं कथील फिरवलं, कापसानं पुसलं. धुरातून तो मलाच बघतोय की काय...

"टोपात बघ," मी दटावलं.

"टोपातच बघतंय. थंय पण तूच दिसतंस."

मी भाता जोरात ओढला. गाल तापले ते भट्टीनं, असं म्हणायला तरी बरं!

इतक्यात भिकाजीशेठ आले. "कोणाक इचारून कथील जाळलंस? आज हिका दिलंस, उद्या सगळी मागतली!"

गुरुदास उठला, पुढल्या दारी गेला. दुकानात उभ्या गिऱ्हाइकांना मोठ्यानं म्हणाला, "बाकीच्या टोपांची कल्हय गेली हा. त्यांच्यात आंबट करू नकात. आधी कल्हय मागा!"

शेठनी त्याला तिथल्या तिथं हाकललं. कामावरून नि घरातूनही. टोप तेवढा नेऊ दिला, भाडं आधीच घेतलं होतं ना.

वाटेनं तो पुढं, डोक्यावर टोप, मी मागं.

"तुमच्या दारच्या खळ्यात टोप ठेवतंय नि जातंय," तो म्हणाला.

"खंय?"

"बघूया..."

लाजत बसले असते तर गेलाच असता.

"जावचा नाय. लग्नात वाढूक रव. नि शेवटच्या पंगतीक माझ्या बाबांच्या शेजारी बस."

तो थबकला. "थंय जावई बसता गो—"

"माका ठावक आसा."

डोक्यावर टोप, त्याला मान वळवता येईना. मग मीच पुढं गेले, नि त्याच्यासमोर उभी राहिले.