औक्षण कुणाचं?

स्वतःच्याच नातीला ‘अहो ताई, आपण कुठून आलात?’ असं विचारणारे आजोबा हे आजोबाच असतात का? शाल्मलीपुढे हे कोडं पडलं, तेही नेमकं त्यांच्या पंचाहत्तरीच्या सकाळी. औक्षणाचं ताट तिच्या हाती देताच तिनं साफ नकार दिला. अनोळखी माणसाला ओवाळणार नाही, म्हणाली. म्हणताना तोंड मात्र रडवेलं झालं होतं.

तिची आजी कुमुदिनी मेंदूची शास्त्रज्ञ. नातीवर रागावणं तिला कधी जमलंच नाही. तिनं शाल्मलीला शेजारच्या प्रयोगशाळेत नेलं, डोक्यावर मेंदूआरसा (मेंदूतली हालचाल भिंतीवर दाखवणारी टोपी) चढवला, आवळा खायला दिला आणि वर पाणी पाजलं. पाणी गोड लागलं. भिंतीवर रंगीत ठिपके लुकलुकले. यात गोडी कुठे दिसते का, आजीनं विचारलं. शाल्मलीनं पुष्कळ शोधलं. ठिपकेच होते.

“म्हणून काहीजण म्हणतात, गोडी चाखणारा मेंदूहून वेगळा असणार. त्यालाच ते आत्मा म्हणतात,” आजी म्हणाली.

“म्हणजे आजोबा आतून मला ओळखत असतील?”

हो म्हणून आजी मोकळी झाली असती, पण खोटा दिलासा देईल ती शास्त्रज्ञ कसली! तिनं आजोबांच्या मेंदूचं चित्र लावलं. एक कोपरा काळाठिक्कर होता. तिथल्या चेतापेशी (निरोप पोचवणाऱ्या पेशी) आजारानं गेल्या आणि त्यांच्याबरोबर नावं, चेहरेही गेले. आत्मा वेगळा असेल, तर पेशी गेल्यावर तो विसरतो कसा? आणि ज्याला वजन नाही, जागा नाही, तो हात तरी कसा हलवणार? यावर आत्मावाले म्हणतात, रेडिओ बिघडला म्हणून गाणारा मुका होत नाही. समोरचे विचारतात, रेडिओवाचून त्याला कुणी ऐकलंय का? हे भांडण फार जुनं आहे, आजीनं सांगितलं.

“तुला काय वाटतं?”

“मला अजून कळलेलं नाही, बाळा. तुझ्या काळातले आरसे याहून चांगले असतील, तेव्हा तू शोध. पण कळलं नाही म्हणून मी तुझ्या आजोबांशी रोज बोलायचं थांबवलेलं नाही.”

शाल्मलीनं डोक्यावरचा मेंदूआरसा काढला आणि ती घरात परतली. मग तिनं ताट घेतलं, निरांजन लावलं आणि पाटावर बसलेल्या आजोबांना हळूच ओवाळलं.

आजोबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “तू कुणाची गं?”

“तुमची,” शाल्मली म्हणाली.

आजोबांनी जरा विचार केला आणि त्या एवढ्याशा पाटावर सरकून तिला जागा करून दिली.