एक किलो सोडे, चार पुस्तकं

"सोडे परत पाहिजेत," तो म्हणाला.

"सोडे नाहीत," फरहीन म्हणाली.

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे… खाल्ले."

कुवेतमधल्या अब्बासियात मुझफ्फर मामूंचा बकाला आहे, म्हणजे आपलं किराणा दुकान. तिथे तांदळाच्या गोणी आणि पाण्याच्या बाटल्या यांच्यामधल्या बोळात ही पहिली भेट झाली. प्रेमाची सुरुवात म्हणून ती काही फार शोभून दिसत नाही, पण झालं ते असंच झालं. बोळ इतका अरुंद, की एक बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याला हलता येईना, आणि हटायला दोघंही तयार नव्हते. त्याच्या काखेत तीन पुस्तकं होती. चौथं हातात होतं आणि त्यात खुणेला बोट घातलेलं. चारही पुस्तकं फरहीनची होती.

"एक किलो?" त्याने विचारलं. "चार दिवसांत? अख्खे?"

"अम्मीचा हात सढळ आहे." फरहीनचे कान तापले. "पुलाव केला, वांग्यात घातले… उरले ते शेजारी दिले."

"शेजारीसुद्धा!"

त्याचं असं झालं होतं. मुझफ्फर मामू दर तीन महिन्यांनी दापोलीला जातात आणि येताना अर्ध्या अब्बासियाचं सामान घेऊन येतात. कुणाचं लोणचं, कुणाच्या गुडघ्याचं तेल, कुणाचा शिवायला टाकलेला ड्रेस. या खेपेला त्यांच्याकडे किलो-किलोची दोन पुडकी होती. एकात फरहीनची पुस्तकं: जपानी लाइट नॉव्हेलचे चार भाग, इंग्रजीत. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या युद्धखेळात शिरलेल्या लोकांची ती गोष्ट. तिची मूळ मालिका कुवेतच्या मॉलमध्ये मिळते. पण त्यातल्या कोहारु नावाच्या एका बाजूच्या पात्राला धरून काढलेली ही वेगळी मालिका, हा स्पिन-ऑफ, काही केल्या मिळत नव्हता. म्हणून तिने तो दापोलीच्या खालाच्या पत्त्यावर मागवला होता. दुसऱ्या पुडक्यात हर्णैचे सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. वास सुटू नये म्हणून सोड्यांना खाकी टेपचे सात पदर होते. मामूंनी पुस्तकांनाही तितकेच पदर चढवले, दुजाभाव नको म्हणून. वर पेनाने लिहिलेली नावं विमानतळावरच्या घामात पुसली गेली आणि मामूंनी अंदाजाने वाटप केलं.

फरहीनला पुडकं मिळालं ते सकाळी, कंपनीच्या बसमध्ये चढताना. शर्कमधल्या एका बांधकाम कंपनीत ती डॉक्युमेंट कंट्रोलर होती. जुना नकाशा चुकून साइटवर जाऊ नये, हे बघायचं तिचं काम. एखादा कागद भलत्या टेबलावर गेला, तर तो योग्य टेबलावर जाईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. पण पुस्तकांपुढे तिलाही धीर धरवला नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने पुडक्याला कात्री लावली, आणि तिच्या इजिप्शियन मॅनेजरांनी एसीच्या डक्टमध्ये काय मेलंय ते बघायला माणूस बोलावला. संध्याकाळी घरी "हे चुकून आलंय, परत द्यायचंय" असं ती म्हणेपर्यंत अम्मीने दोन मुठी सोडे भिजत घातलेसुद्धा.

"उघडलेलं पुडकं कोण परत घेतं गो?" अम्मी म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला.

"बरं, पुस्तकं तरी द्या," फरहीन आता म्हणाली.

त्याने काखेतली तीन दिली. चौथं दिलं नाही; तो पहिला भाग होता.

"हे दोन दिवसांनी देतो. ऐंशीव्या पानावर आहे."

"तुम्ही वाचताय?"

"तुम्ही सोडे खाल्लेत. मी निदान वाचून परत तरी करतोय."

तिला हसायचं नव्हतं… पण हसू आलं. मग रुबाब सांभाळायला म्हणून ती म्हणाली, "मूळ मालिका वाचल्याशिवाय यातलं काय कळणार तुम्हाला? त्यात कोहारु फक्त दोन पानं येते."

"दोन पानं?" त्याला खरंच लागलं. "मग बाकीची पानं कुणाला दिली?"

"तलवारवाल्या हिरोला."

"त्याला कोण विचारतंय! पाठीवर खोकं बांधून भर गोळीबारातून या किल्ल्यातून त्या किल्ल्यात जाते ती. एक गोळी झाडत नाही. लोकांचं सामान पोचवते आणि परत येते. आणि तिला दोन पानं?"

फरहीन त्याच्याकडे बघत राहिली. गेली तीन वर्षं ती हेच सगळ्यांना सांगत होती, आणि कुणी ऐकत नव्हतं.

त्याचं नाव तौफीक. मॉलमधल्या गेम सेंटरमध्ये तो व्हीआरच्या खोल्या सांभाळायचा. डोळ्यांवर हेडसेट चढवलेल्या माणसाला आजूबाजूचं काही दिसत नाही. त्याला भिंतीला धडकू न देणं, हे तौफीकचं दिवसभराचं काम. "तीन वर्षांत एकही माणूस धडकलेला नाही," हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. तेही फरहीनने विचारलं नसताना.

पुस्तक परत करायचं म्हणून नंबर दिले-घेतले गेले. मग मेसेज सुरू झाले.

"पान १४२. तिने खोकं उघडून बघायला नको होतं."

"मीही उघडलं होतं."

"म्हणूनच म्हणतो."

दुसरा भाग गेला, तिसरा आला. एकदा त्याने लिहिलं, "पुस्तकात एक गोष्ट साफ खोटी आहे. एकालाही चक्कर येत नाही. आमच्याकडे दर दहावा माणूस पिशवी मागतो. येऊन बघा."

शनिवारी दुपारी ती गेली. बाहेर धुळीने आभाळ पिवळं पडलं होतं, आणि मॉलमध्ये इतकं गार की ओढणी गुंडाळून घ्यावी लागली. तौफीक हेडसेट पुसत होता.

"नियम सांगतो," तो म्हणाला. "लेडीज कस्टमरला मी हात लावायचा नाही. पट्टा तुमचा तुम्ही आवळायचा. भिंतीकडे गेलात तर मी फक्त आवाज देणार."

"आणि मी ऐकलं नाही तर?"

"तर मग भिंत समजावेल."

मग त्याने काउंटरखालून एक छोटी गोल चटई काढली आणि खोलीच्या मधोमध टाकली. न्हाणीघराबाहेर पाय पुसायला टाकतात तसली, मऊ.

"चप्पल काढून यावर उभ्या राहा. आत गेल्यावर डोळ्यांना कळत नाही, पण पायांना कळतं. मऊ लागलं, की समजायचं आपण मधोमध आहोत."

"हे सगळ्यांना देता?"

तो पट्ट्याचं बक्कल तपासत राहिला. "नाही… काल आणली."

हेडसेट चढला आणि मॉल नाहीसा झाला. पडकं शहर, धूर, डोक्यावरून जाणाऱ्या गोळ्या. फरहीन वाकली, वळली, पळायला गेली.

"एक पाऊल मागे," आवाज आला. "अजून अर्धं… बस."

पायाखाली मऊ लागलं. एवढ्या गदारोळात आपण एकच आवाज ऐकतोय, हे तिच्या लक्षात आलं. त्याच्या शब्दांचा शेवट हर्णैच्या माणसांसारखा किंचित लांबत होता. पुढच्या वेळी ती भिंतीकडे गेली, ती मुद्दामच गेली.

"एक पाऊल मागे," तो म्हणाला. आणि हळूच, "कळतंय मला."

हेडसेट काढला तेव्हा तिचे केस चपटे झाले होते आणि गालांवर वळ उठले होते. त्याने हात लांब करून टिश्यू पुढे केला.

"चक्कर?"

"थोडी आली," ती म्हणाली. त्यातली खेळाची किती, हे तिने सांगितलं नाही.

असे पाच शनिवार झाले. खेळ वीस मिनिटांचा, आणि त्यानंतर त्याच्या सुट्टीत खाली जाऊन घेतलेला कडक चहा पाऊण तासाचा. चहाच्या टेबलावर भांडण ठरलेलं: कोहारुने चौथ्या भागात तिला मागणी घालणाऱ्या नेमबाजाला हो म्हणायचं की नाही. फरहीनला आठवड्यातले बाकीचे सहा दिवस लांबलेले वाटू लागले. खोटं कशाला बोला, ती प्रेमात पडली होती आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं.

मग एके दिवशी ती दूध घ्यायला मामूंकडे गेली.

"भाचीच्या लग्नाला चाललोय, पंधरा दिवस," मामू म्हणाले. "येताना त्या तौफीकचे सोडे आणायचेत. पहिले तुम्ही हाणलेत ना!" आणि ते हसले. "ते कुणाला जायचे होते, ठाऊक आहे? तिकडे मिरकाबमध्ये राहणाऱ्या बानूच्या घरी. सोयरीक जमत आली होती पोराची. त्याच्या आईने स्वतः सोलून पाठवलेले. बानूच्या बापाने पुडकं फोडलं, तर आत बंदुकांतून पळणाऱ्या पोरीची चार पुस्तकं! म्हणाला, मुलगा अजून खेळण्यातच आहे, मुलगी देत नाही."

"मग?"

"मग काय, आता राग उतरलाय त्याचा. नवे सोडे येतील, जुम्म्याच्या नमाजीनंतर पोरगा घेऊन जाईल, की झालं. दोन दूध ना?"

फरहीनने नुसती मान हलवली. आधी राग आला: पाच शनिवार समोर बसून चहा पितो, आणि एका शब्दाने सांगत नाही! त्यामागोमाग लाज आली. त्याचं ठरत आलेलं मोडलं ते तिच्या पुडक्यामुळे, आणि वर त्याच्या आईचे सोडे तिने शेजारीपाजारी वाटले. दूध तिथेच विसरून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून ती मॉलपाशीच उतरली. तौफीकच्या खोलीत एक जाडजूड गृहस्थ हेडसेट लावून तलवार चालवत होते.

"मी येते तुमच्याबरोबर मिरकाबला," फरहीन म्हणाली. "बानूच्या अब्बांना सांगते, पुस्तकं माझी. तुमचा काही दोष नाही."

तौफीकचा चेहरा उतरला. "मामू बोलले वाटतं."

"तुम्ही बोलायला हवं होतंत."

"हो," तो म्हणाला. "रोज ठरवत होतो. बोललो असतो तर तुम्ही शनिवारी आला नसतात."

"ते राहू द्या. चूक माझ्या पुडक्याची आहे, मी निस्तरते."

"तुम्हाला यायचंय का तिथे?"

"नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली, की काउंटरवरच्या मुलीने वळून बघितलं. "यायचं नाहीये. तुम्ही गेलेलंही नकोय मला. आवडता तुम्ही मला, कळलं? पण माझ्यामुळे कुणाचं मोडलं, हे आयुष्यभर उरावर नको. म्हणून येते म्हणतेय…"

धाड्!

जाडजूड गृहस्थ भिंतीला धडकून खाली बसले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा तौफीकच्या हद्दीत माणूस धडकला होता. तो धावला, मागोमाग मॅनेजर धावला, बर्फ आणा, पाणी आणा… त्या गोंधळात तौफीक एकदाच मागे वळून म्हणाला, "मामू येईपर्यंत काही करू नका. मला करू द्या. ऐका माझं."

ती ऐकायला तयार झाली, पण पंधरा दिवस कसे काढले ते तिचं तिला माहीत. मेसेज नाहीत, शनिवार नाही. चौथा भाग अर्धा वाचून तिने त्याला दिला होता, आणि तो अजून त्याच्याकडेच होता. शेवटी काय होतं, ते तिने वाचलंच नव्हतं.

शुक्रवार उजाडला. नमाज होऊन गेली. आत्ता तो मिरकाबच्या जिन्यात असेल, आत्ता पाणी आणलं असेल, आत्ता बानू बाहेर आली असेल… फरहीन कांदा चिरत होती, आणि डोळ्यांना कारण आयतंच मिळालं होतं.

बेल वाजली. अम्मीने दार उघडलं. दारात इस्त्रीचा शर्ट घातलेला तौफीक, हातात खाकी टेपचं पुडकं, त्यावर चौथा भाग. मागे घाम पुसत मुझफ्फर मामू.

अम्मीच्या नाकाने पुडकं बरोबर ओळखलं. "या अल्ला, हे मिरकाबचं ना? मुझफ्फर, परत चुकलास?"

"तोबा तोबा, या वेळी मी नाही!" मामू म्हणाले.

"चुकलं नाही, खाला," तौफीक म्हणाला. "मिरकाबला काल जाऊन आलो, रिकाम्या हाताने. माफी मागितली, आणि माझं मन तिथे नाही, ते सांगितलं. बानूचे अब्बा दोन शब्द बोलले, ते ऐकून घेतले. बानू एवढंच म्हणाली, पुस्तकं परत देण्याआधी पहिला भाग वाचून काढला होता, पुढचे मिळतील का."

फरहीन सुरी तशीच हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

"हर्णैला अम्मीलाही फोन केला," तो पुढे म्हणाला. अम्मीशी बोलत होता, बघत मात्र फरहीनकडे होता. "आधी खूप रागावली. मग विचारलं, पहिल्या सोड्यांचं काय केलं त्या लोकांनी? म्हटलं, पुलाव. म्हणाली, वांग्यात नाही घातले? म्हटलं, वांग्यातही घातले. मग म्हणाली, कळतं त्यांना. हे पुडकं तिथेच दे, आणि त्यांच्या मुलीला विचार… तिची हरकत नसेल, तर मी त्यांच्या अम्मीशी बोलते."

खोलीतून अब्बांनी टीव्हीचा आवाज कमी केला. अम्मीने एकदा तौफीककडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग पुडकं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि कात्री शोधायला आत गेली.

तौफीक मात्र तिथेच, पायपुसण्यावर, उंबऱ्याच्या अलीकडे उभा होता. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही, अशा बेताने.

"चौथ्या भागात काय होतं शेवटी?" फरहीनने विचारलं. "ती हो म्हणते?"

"शेवटची दोन पानं वाचली नाहीत," तो म्हणाला. "तुमच्याकडून ऐकायची होती."

फरहीनने सुरी खाली ठेवली आणि डोळे पुसले.

"एक पाऊल पुढे," ती म्हणाली.