पेना आजीची भट्टी आणि ब जिन्यातला अंधार

ब जिन्यातल्या, म्हणजे त्या जिन्यावरच्या घरांत राहणाऱ्या, प्रत्येक पुरुषाच्या हातात कला आहे आणि ती जन्मजात आहे, हे रुसे शहरातल्या त्या आठमजली इमारतीत कोणी कधी तपासून पाहिलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती. घरात काही मोडलं की कारागीर बोलावणं म्हणजे बायकोदेखत हार मानणं, त्यामुळे कारागीर कोणी बोलावत नसे. परिणामी दुसऱ्या मजल्यावर दाराची घंटा दाबली की न्हाणीघरातला दिवा लागे, चौथ्या मजल्यावरच्या संडासात गरम पाणी येई, आणि लिफ्टमध्ये पाचचं बटण दाबलेला माणूस सहाव्यावर उतरून मुकाट्याने एक मजला खाली चालत येई. तक्रार कोणाचीच नव्हती. सवय झाली की त्याला बिघाड म्हणत नाहीत.

बिल्यानाची सुट्टी दरवर्षी याच जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर, पेना आजीकडे जायची. बिल्याना आता सातवीत जाणार होती. ऑगस्ट संपला होता, शाळा अजून उघडली नव्हती, आणि अख्ख्या शहराला भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता. कारण ते दिवसच तसे होते. घरोघरी गॅलरीत लाल ढबू मिरच्यांची पोती येऊन पडली होती. मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या, टोमॅटोत शिजवून ल्युतेनित्सा ही चटणी करायची आणि बरण्या भरून हिवाळ्याची वाट बघायची. ज्याच्या तळघरात बरण्या नाहीत, त्याच्याकडे शेजारी जरा दयेने बघत.

"आजी, ही भट्टी किती जुनी आहे गं?" बिल्यानाने विचारलं.

"तुझ्या बापापेक्षा मोठी. आणि त्याच्यापेक्षा कमी त्रास दिला हिने," आजी म्हणाली.

भट्टी म्हणजे विजेवर तापणारा एक उभा, जाडजूड लोखंडी डबा. मधल्या भोकात मिरची उभी सोडायची, झाकण ठेवायचं, आणि काळी पडली की काढायची. हिचा एक पाय शिलाई मशीनचा होता, झाकणाची मूठ पडद्याच्या दांड्याची होती, आणि आतली तार आजीने स्वतः दोनदा बदलली होती. ब जिन्यात कला फक्त पुरुषांच्या हातात असते या समजुतीला आजीचा विरोध नव्हता. ती आपली दुरुस्ती करून टाकायची.

पाचव्या मजल्यावरचा क्रुम आणि त्याची धाकटी बहीण लोरा न बोलावता येऊन बसले होते. क्रुमच्या हनुवटीवरून मिरचीचा रस ओघळत होता.

"तू मदतीला आलायस की जेवायला?" बिल्यानाने विचारलं.

"मी चव तपासतोय. कोणीतरी जबाबदारी घ्यायला नको?"

"तिसरी मिरची तपासतोयस."

"दुसरीबद्दल शंका होती."

इतक्यात खाली कुठेतरी धाडकन आवाज झाला आणि भट्टीतला लाल उजेड विझला. घरातला रेडिओ थांबला. लिफ्ट थांबली. मग वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून, सगळ्या गॅलऱ्यांतून एकच हाक आली.

"पेनाबाई!"

"आले परत माझ्या नावाने," आजी म्हणाली आणि हात पुसत दार उघडायला गेली.

दारात गेन्चेव काका उभे होते. पहिल्या मजल्यावर राहणारे गेन्चेव काका या जिन्याचे व्यवस्थापक होते. गंजी, पट्टेरी अर्धी चड्डी, कपाळावर पट्ट्याने बांधलेली बॅटरी. दिवसाढवळ्या ती चालू होती.

"पेनाबाई, या आठवड्यात तिसऱ्यांदा. तुम्ही भट्टी लावता आणि सगळ्या जिन्याची वीज जाते. माझा फ्रीझर मासळीने भरलेला आहे."

"गेल्या वर्षी हीच भट्टी होती, गेन्चेव."

"गेल्या वर्षी ती एक वर्षाने तरुण होती. मी पाटी लावली आहे ना खाली? वाचली का? 'या जिन्यात हौशी दुरुस्ती करणे सक्त मना आहे.' रविवारी बैठक आहे. भट्टी भंगारात द्यायची, असा ठराव मी मांडणार. लोकांच्या सह्या नकोत, हात वर केले तरी पुरे."

बिल्याना आजीकडे बघत राहिली. आजी आता काय बोलते, या उत्सुकतेने क्रुमनेही चावायचं थांबवलं. बाजारात टोमॅटोवाल्याला रडकुंडीला आणणारी आजी. पण ती नुसतं "बरं" म्हणाली आणि तिने दार लावलं.

गॅलरीत अर्धं पोतं अजून भाजायचं होतं. मिरच्या मऊ पडायला लागल्या होत्या. आजी त्यांच्यावरून हात फिरवत म्हणाली, "असेलही तिचं वय झालं. माझंही झालंय. या वर्षी ज्याला हव्या त्याला देऊन टाकू मिरच्या."

"आणि ल्युतेनित्सा?"

"दुकानात मिळते."

दुकानातली ल्युतेनित्सा खाणाऱ्यांबद्दल आजी काय बोलायची, ते बिल्यानाने बारा वर्षं ऐकलं होतं.

जिन्याच्या पायऱ्यांवर तिघांची बैठक बसली.

"मला गेन्चेव काकांचा संशय आहे," क्रुम म्हणाला.

"कशाबद्दल?" बिल्यानाने विचारलं.

"ते नंतर ठरवू."

"नीट विचार कर. आजी म्हणाली ते खरं आहे. गेल्या वर्षी हीच भट्टी होती आणि एकदाही वीज गेली नाही. मग या वर्षी नवीन काय आहे?"

"मिरच्या नवीन आहेत," क्रुम म्हणाला.

लोरा आठ वर्षांची होती आणि तिला कोणी काही विचारत नसे. ती चप्पल पायाच्या अंगठ्यावर झुलवत म्हणाली, "मला ते धाडकन आवडत नाही."

"कुठलं धाडकन?"

"खालचं दार. आधी दार धाडकन वाजतं, मी दचकते, मग वीज जाते. प्रत्येक वेळी."

क्रुम हसला. "अगं वेडे, दाराचा आणि विजेचा काय..."

"गप्प बस," बिल्याना म्हणाली. "आज ऐकलं मी. आधी दार, मग अंधार. पण दार तर रोज आपटत असेल ना?"

"नाही आपटत," क्रुम आता जरा गंभीर झाला. "रोज हळू लागतं. वाऱ्याचा झोत आला तरच आपटतं. आणि इथे झोत येणार कुठून? खालचं दार उघडलं असताना जिन्याची खिडकी उघडी ठेवायची कोणाची हिंमत आहे?"

यात काही अतिशयोक्ती नव्हती. ब जिन्यातली माणसं अस्वलाला भीत नव्हती, करवसुली करणाऱ्यालाही नाही, पण दोन उघड्या खिडक्यांमधून जाणाऱ्या वाऱ्याला भीत. त्या वाऱ्याने मान धरते, कान जातो, मूत्रपिंड गारठतं. तापलेल्या बसमध्ये घामाने निथळणारी माणसंही एकच खिडकी उघडत. त्यामुळे जिन्याची खिडकी बाराही महिने बंद असे.

"धूर," बिल्याना हळूच म्हणाली. "आजी मिरच्या भाजते. धूर घरातून जिन्यात जातो. मग?"

"मग शेजारची रादका मावशी खोकते."

"आणि?"

"आणि नाकाला रुमाल लावून जिन्याची खिडकी उघडते," क्रुमचे डोळे मोठे झाले. "म्हणजे भट्टी नाही, दार वीज घालवतं!"

"दार कसं घालवेल ते अजून कळायचंय. आधी खात्री करू."

दुसऱ्या दिवशी आजीची मनधरणी करून बिल्यानाने भट्टी पुन्हा लावायला लावली. लोराने आपली चप्पल खालच्या दारात अडकवली आणि ती राखणीला बसली. मिरच्यांमागून मिरच्या भाजल्या. धूर झाला, रादका मावशी खोकली, खिडकी उघडली, वारा सुटला. दार चपलेवर येऊन थांबलं. वीज गेली नाही.

"आज लहर बरी दिसते तिची," आजी भट्टीला थोपटत म्हणाली.

बिल्यानाने अजून तिला काही सांगितलं नाही. खाली जाऊन तिने दार हाताने धरून जरासं आपटलं, फार नाही. दाराशेजारच्या भिंतीवर गेन्चेव काकांची लाकडी पाटी होती. ती थरथरली आणि तिच्यामागे बारीकसं 'टक' झालं. वरचे दिवे एकदा मिचकावले. करपलेल्या रबरासारखा वास आला.

"इथे आहे काहीतरी," म्हणत क्रुमने पाटीकडे हात नेला. बिल्यानाने तो हात असा काही झटकला की क्रुमने कळवळून तो तोंडात घातला.

"मारतेस काय?"

"वर बघ. तो डबा दिसतोय? विजेच्या तारा त्याच्यातून सरळ खाली उतरतात, भिंतीच्या आतून. आजी घड्याळ टांगताना म्हणाली होती, डब्याच्या बरोबर खाली कधी भोक पाडायचं नाही. आता पाटी बघ कुठे आहे."

पाटी डब्याच्या बरोबर खाली होती. चार लांबलचक स्क्रू मारून बसवली होती, भूकंप झाला तरी हलू नये अशी. वरचा डावा स्क्रू अर्धवटच आत गेला होता आणि जरासा डुलत होता.

"म्हणजे हौशी दुरुस्ती मना असल्याची पाटी..." क्रुम म्हणाला.

"कोणी लावली रे?" लोराने विचारलं.

"गेन्चेव काकांनी. स्वतःच्या ड्रिलने. उन्हाळ्यात. दुपारच्या झोपेच्या वेळी. सगळी बिल्डिंग शिव्या देत होती."

"आत्ताच जाऊन सांगू?"

"सांगितलं तर म्हणतील, पोरं काहीही बोलतात," बिल्याना म्हणाली. "रविवारी दाखवू."

रविवारी सगळा ब जिना तळमजल्यावर जमला. बैठक नेहमी तिथेच, उभ्या उभ्या होई. बसायला जागा दिली की लोक बोलत बसतात. पेना आजीने भट्टी काखेत मारून आणली होती. वायर गुंडाळून, भट्टीचं पोट पुसून. इस्पितळात न्यायच्या माणसाला करावी तशी तयारी केली होती तिने.

"शेजाऱ्यांनो," गेन्चेव काकांनी घसा साफ केला, "ही वस्तू तुम्ही ओळखता. हिच्यात शिलाई मशीन आहे, पडदा आहे, आणि काय काय आहे ते देव जाणे. मी तज्ज्ञ नाही, पण विजेचं मला थोडंफार कळतं..."

"कुठून तरी वारा येतोय," रादका मावशी म्हणाली.

गर्दीत चुळबूळ झाली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी क्रुमने नुकतीच उघडली होती, आणि तो दोन दोन पायऱ्या उतरत खाली येत होता.

"खिडकी कोणी उघडली?" गेन्चेव काकांनी मानेवर हात ठेवला. "आधी ती बंद करा. माझी मान."

"काका, एकच प्रश्न," बिल्याना पुढे झाली. "आजीची भट्टी आत्ता कुठे आहे?"

"ही काय, समोर."

"वायर कुठे लावलीय?"

"कुठेच नाही. गुंडाळलेली आहे."

"म्हणजे आत्ता वीज गेली तर दोष भट्टीचा नाही?"

"आत्ता वीज का जाईल? काहीतरीच काय विचारतेस."

बिल्यानाने लोराकडे पाहिलं. लोराने वाकून दारातली आपली चप्पल काढून घेतली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

धाडकन!

पाटीमागून टक असा आवाज आला, एक निळी ठिणगी भिंतीवरून सरकली, आणि तळमजला काळोखात बुडाला. लिफ्ट कण्हत थांबली. मग सवयीप्रमाणे मागच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "पेनाबाई!"

"मी इथेच आहे," अंधारात आजी म्हणाली. "आणि ही माझ्या काखेत आहे."

पहिलं हसू रादका मावशीचं होतं. मग सगळा जिना हसायला लागला. गेन्चेव काकांच्या कपाळावरची बॅटरी पेटली आणि तिचा गोल उजेड हळूहळू सरकत पाटीवर जाऊन थांबला. 'हौशी दुरुस्ती करणे सक्त मना आहे.' वरच्या डाव्या कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ निघत होती.

"कोणी हात लावू नका. आधी मुख्य खटका बंद करा," बिल्याना म्हणाली. सातवीत जाणाऱ्या मुलीचं ऐकून मोठी माणसं एक पाऊल मागे सरली. खटका पाडून, खात्री करून गेन्चेव काकांनी स्वतःच पाटी काढली. वरच्या स्क्रूचं टोक काळं ठिक्कर पडलं होतं. तारेच्या आवरणातून तो आरपार गेला होता. दार आपटलं, पाटी हलली, की शेजारच्या तारेला टेकायचा.

"दोन चुका ठोकून टांग म्हटलं होतं मी," गेन्चेव काकू शांतपणे म्हणाल्या. "पण ड्रिल नवीन होतं ना."

गेन्चेव काकांनी स्क्रू खिशात टाकला आणि ते पेना आजीसमोर येऊन उभे राहिले.

"पेनाबाई, चूक माझी. ठराव मागे घेतो."

"मासळी वाचली का?" आजीने विचारलं.

"थोडी."

"मग घेऊन या. मिरच्यांबरोबर भाजू."

"आणि तुम्ही पोरांनी," गेन्चेव काका तिघांकडे वळले, "हे शोधलंत कसं?"

"लोराला दचकायला आवडत नाही," बिल्याना म्हणाली. "सुरुवात तिथून झाली."

रादका मावशीने लोराला उचलून घेतलं. कोणीतरी क्रुमची पाठ थोपटली आणि तो म्हणाला की त्याला पहिल्यापासून गेन्चेव काकांचाच संशय होता, जे खरं होतं. आजीने बिल्यानाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या बोटांना जळक्या मिरचीचा वास होता. "मी हात टेकले होते, आणि तू नाही टेकलेस," एवढंच ती म्हणाली, आणि आजीच्या तोंडून हे ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते बाजारातल्या टोमॅटोवाल्याला विचारावं.

तारेला नवं आवरण चढवायला, ब जिन्याच्या इतिहासात पहिल्यांदाच, बाहेरून वीजतंत्री बोलावण्यात आला. अंगणात वायर ओढून आजीची भट्टी मधोमध मांडली गेली, आणि ज्यांची ज्यांची पोती उरली होती ते सगळे ती घेऊन खाली उतरले. जिन्याची खिडकी सताड उघडी होती. कोणाची मान धरली नाही. आजी हुकूम सोडत होती, गेन्चेव काका मिरच्या सोलत होते, आणि सोलायला शिकवतोय म्हणून क्रुम त्यांच्या शेजारी बसून खात होता.

बैठकीत एकच विषय राहून गेला होता, पुढच्या वर्षासाठी व्यवस्थापक निवडायचा. तो मिरच्या सोलता सोलता घेण्यात आला. गेन्चेव पुन्हा निवडून आले. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही.