चढावरचा आवाज

फोन आला तेव्हा फौजदार रुचिका गमरे चहात पाव बुडवत होती.

"मॅडम, सुरूच्या वळणावर परत सायकलवाली पडली," हवालदार बाळाजी म्हणाला. "जिवंत हाय. पण ती बोलते, मागून प्रथमेश आला."

पाव चहात विरघळला. प्रथमेशला जाऊन वर्ष झालं होतं. त्याच वळणावर, याच शर्यतीत.

विद्यापीठाची टाइम ट्रायल ही एकट्याची शर्यत. एकेक स्वार ठरावीक अंतराने सुटतो, काशीदजवळ रस्त्यात ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूला वळसा घालून परत येतो. भांडण फक्त घड्याळाशी. आज पडलेली शिवानी सगळ्यात शेवटी सुटली होती. तिच्या मागून यायला कुणी उरलंच नव्हतं.

दवाखान्यात शिवानीचा खांदा पट्ट्यांनी आवळला होता. डोळे मात्र अजून रस्त्यावरच होते.

"पडलीस कशी?"

"चढ होता. मी मान खाली घालून पायडल मारत होते. डाव्या हाताला, जरा मागून टिकटिक आली. प्रथमेशच्या मागच्या चाकाची. ते फार कर्कश वाजायचं, आम्ही त्याला रातकिडा म्हणायचो."

"आवाज जवळ येत होता?"

"नाही. आधी भरभर, मग मंद होत थांबला. परत भरभर. मी वळून पाहिलं तर रस्ता मोकळा. तेवढ्यात चाक गटारात गेलं."

"उद्या प्रथमेशच्या अपघाताच्या चौकशी समितीपुढे तू बोलणार होतीस ना? काय सांगणार होतीस?"

शिवानीने ओठ चावला. "मागच्या वर्षी मी प्रथमेशच्या आधी सुटले होते. आडरस्त्यावरच्या गाड्या अडवायला वळणावर झेंडेवाला पाहिजे होता. तो नव्हता, मॅडम. म्हणून जीप आडवी आली. आमचे प्रशिक्षक घरत सर आणि गणराज म्हणतात, गणराज तिथे उभा होता. संघ सर निवडतात, मी वर्षभर तोंड शिवलं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?"

"हे कुणाला माहीत आहे?"

"त्या दोघांनाच. मीच सांगितलं. सरांनी मला सायकलवर बसवलं, त्यांच्या पाठीमागून कशी जाणार?" तिचा आवाज बसला. "पण आता माझं कोण ऐकणार? भुताची सायकल ऐकणारी मुलगी मी."

रुचिकाला तिची कणव आली आणि थोडा रागही. गुन्हेगाराला आधी वर्दी देऊन मग साक्षीला निघणारी माणसं आपल्याकडेच जन्माला येतात.

वळणावर सुरूची झाडं दाट होती. भर दुपारी तिथे सावलीत गारठा वाटत होता. वारा पडला की समुद्राची घरघर तेवढी ऐकू यायची. झाडाच्या बुंध्याशी फुटलेला नारळ होता, ताजं कुंकू होतं.

"बापानं हाक मारली, पोर आला," बाळाजी हलकेच म्हणाला. गावात संध्याकाळनंतर इथून कुणी सायकल नेत नसे, हेही त्याने सांगून टाकलं.

"बापाला बोलवा. पोराचं नंतर बघू."

बुधाजी आला. डोंगराकडच्या गावचा भातशेतीवाला, अंगाने काटकुळा.

"नारळ तुम्ही फोडला?"

"व्हय. वर्साचा दिस हाय. फाटं आलो, नारल फोडला, पयल्या एस्टीनं घरी गेलो."

"प्रथमेशची सायकल कुठे आहे?"

"सांगाडा घरी हाय. मागला चाक कालेजात ठेवलाय. चौकशीला लागंल, बोलले."

कॉलेजचं सामान ठेवायची खोली गणराजने उघडली. हा संघाचा जुना स्वार, आता मुलांच्या सायकली दुरुस्त करायचा. प्रथमेशचं चाक खुंटीवर टांगलं होतं. खुंटीवर जाळं, भिंतीवर धूळ, चाक मात्र पुसल्यासारखं स्वच्छ. दातेरी चकत्यांच्या सांदीत सुरूच्या दोन बारीक काड्या अडकल्या होत्या. कॉलेजच्या आवारात सुरूचं एकही झाड नव्हतं.

गणराजचा चेहरा उतरला. "मी नाही नेलं, मॅडम."

"चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे आणि सरांकडे."

"सकाळी कुठे होतास?"

"शंकूपाशी. शर्यत सुटायच्या आधीपासून. पोरांनी मोबाइलवर सगळं शूटिंग केलंय."

ते खरं होतं. प्रत्येक चित्रफितीत गणराज शंकूमागे शिट्टी घेऊन उभा होता.

प्रशिक्षक दत्तात्रेय घरत पन्नाशीचे. उन्हाने रापलेले, बोलणं मऊ. निम्म्या जिल्ह्याला त्यांनी सायकल शिकवली होती.

"शिवानी सुटली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"एरवी सुटताना शेवटच्या स्वाराची सीट मीच धरतो. आज जादा चाकं घेऊन गाडीने पुढे गेलो. मध्येच टेकलो होतो जरा, पाठ धरली होती."

"तिने ऐकलेल्या आवाजाचं काय?"

सरांनी सुस्कारा टाकला. "प्रथमेश गेल्यापासून पोरीचं मन थाऱ्यावर नाही. आणि खरं सांगू? तिला दोष देत नाही मी. प्रथमेश तो चढ असाच चढायचा, टिकटिक टिकटिक करत. मलाही तिथे कधीकधी तो मागून चढत येतोय असं वाटतं. तिला विश्रांती घेऊ द्या. साक्षबिक्ष नको आता."

रुचिका बाहेर पडली, पण त्यांचं बोलणं कानातून जाईना. शाळेत असताना ती खाडीवरून टेकडीवरच्या शाळेत सायकलने जायची. बाबांची जुनी, जड सायकल. तो चढ तिच्या पायांना अजून आठवत होता.

तिने एका मुलाची सायकल मागून घेतली आणि खाकी पँट वर खोचून वळणाच्या चढाला लागली. बाळाजीने कपाळावर हात मारला. ती घामाघूम होऊन परत आली तेव्हा मात्र हसत होती.

"सगळ्यांना इथेच बोलवा," ती म्हणाली. "बुधाजींनाही."

उन्हं कलताना सर, गणराज आणि बुधाजी सुरूखाली जमले. गणराज खाली मान घालून उभा होता. बुधाजी झाडाला टेकला.

"सायकलचं मागचं चाक टिकटिक कधी करतं?" रुचिकाने विचारलं. "पाय थांबले की. उतारावर आपण नुसते बसून राहतो तेव्हा, नाहीतर उतरून सायकल ढकलतो तेव्हा. पायडल मारत असताना ते गप्प असतं. आणि चढावर पाय थांबवून कोण वर येईल? माणूस असो की भूत, चढावर सायकल मुकीच चढते."

गणराजने झटकन मान वर केली. एवढी साधी गोष्ट त्यालाही भीतीपोटी सुचली नव्हती.

"म्हणजे मागे सायकल नव्हती. ढकलत आणली असती तर आवाज एका लयीत आला असता. शिवानीने ऐकला तो आधी भरभर, मग मंद. कुणीतरी झाडीत सुटं चाक धरून, दाते अंगठ्याने दाबून, हाताने फिरवत होतं. त्याच चाकात सुरूच्या काड्या सापडल्या. चावी दोघांकडे. गणराज शंकूवर सगळ्यांच्या समोर होता. ज्यांच्या गाडीत जादा चाकं असली तरी कुणी विचारणार नाही, ते घरत सर मध्येच टेकले होते."

"मॅडम, चावी असली म्हणून काय झालं?" सर शांतपणे म्हणाले.

"एवढंच असतं तर मीही घुटमळले असते. पण सर, शिवानी घाबरली होती, तिला सुचलं नाही. बाळाजींना सायकलचं काही कळत नाही. तुम्ही आयुष्यभर सायकल शिकवलीत. चढावर चाक वाजलं म्हटल्यावर 'हे शक्य नाही' असं पहिल्यांदा तुम्ही म्हणायला हवं होतं. तुम्ही उलट भर घातलीत. प्रथमेश टिकटिक करत चढ चढायचा, म्हणालात. तुमचा विद्यार्थी असा कधी चढला होता का?"

सरांनी नजर गाडीकडे वळवली. बोलला तो गणराज.

"मागच्या वर्षी मी इथे नव्हतो. सुटण्याच्या जागी माणूस कमी पडला म्हणून सरांनी मला ऐनवेळी तिकडे बोलावून घेतलं. नंतर म्हणाले, तू वळणावर होतास असं सांग, नाहीतर दोघंही जाऊ." तो रडायला लागला होता. "मी सांगितलं तसं."

घरत सर खाली बसले. "पोरीला पाडायचं नव्हतं मला. ती घाबरेल, चार जणांना सांगेल, आणि मग तिचं कुणी खरं मानणार नाही. एवढंच हवं होतं." त्यांनी बुधाजीकडे पाहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बाळाजीने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि गाडीकडे नेलं.

बुधाजी जागचा हलला नाही. रुचिकाला वाटलं, आता हा शिव्या घालील, नाहीतर सरांच्या अंगावर धावून जाईल. तो तिच्याकडे वळला.

"बाय, एक इचारू?"

"विचारा ना, काका."

"वर्सभर लोक सांगत व्हते, तुजा पोर त्या वलनावर हाय, त्याची सायकल वाजते. मी दर अवसेला येत व्हतो. आयकायला. मला कवा आयकू आला न्हाय. आज पोरीला आयकू आला म्हटल्यावर वाटला, मला आयकू न्हाय येत, पन हाय तो हितं." त्याने झाडीकडे बोट केलं. "ह्यो पन खोटा. म्हंजे तो हितं न्हाय."

रुचिकाच्या घरी भूतखेत कुणी मानत नव्हतं. ही गोष्ट तिने कितीदा ताठ मानेने सांगितली होती. आज तिने मान खाली घातली.

"नाही, काका," ती म्हणाली. "तो इथे नाही."

बुधाजीने मान हलवली. खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं.

"पोरीला सांगा, उद्या बोल. घाबरू नको," तो म्हणाला. "मी बसतो तिच्या बाजूला."