नऊ दहाचं विमान

आमच्या शहरापासून आईचं घर किती लांब, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. अकराशे चाळीस किलोमीटर, विमानानं एक तास पस्तीस मिनिटं. विमानतळावर बसून उड्डाणांचे आराखडे बनवायचे, हेच माझं काम. त्यामुळे मी घरापासून लांब राहतो असं मला कधी वाटलंच नाही.

त्या दिवशी सकाळी सहाला ताईचा फोन आला. मी ड्यूटीवरच होतो.

"डॉक्टरांनी हात टेकले रे. आई सारखी तुलाच विचारतेय. काहीतरी सांगायचंय म्हणते, पण मला सांगत नाही."

समोरच्या कागदावर बघून मी घाईघाईत मेसेज टाकला, 'नऊ दहाला उतरतो, दहापर्यंत घरी,' आणि तिकिटाच्या मागे लागलो.

चूक कळली ती विमानात बसल्यावर. आमच्या धंद्यात साऱ्या जगाचं घड्याळ एकच, आणि ते आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. कागदावरचे नऊ दहा म्हणजे आपले दुपारचे दोन चाळीस. वीस वर्षं नव्या लोकांना हेच शिकवतोय आणि ऐन वेळी मीच माती खाल्ली! ताईला फोन लावला, तिनं उचलला नाही. दहा कधीच वाजून गेले होते, तरी 'कुठायस?' म्हणून तिनं विचारलं नव्हतं. तेव्हा मला त्याचं बरंच वाटलं.

साडेतीनला घरी पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत औषधांचा वास, पंख्याची घरघर. ताई भिंतीला टेकून बसली होती.

"आलास? डॉक्टर कुठायत?"

"कोण डॉक्टर?"

"अरे, दाखल्यासाठी त्यांना आणायला तूच गेलास ना मघाशी?"

पलंगावर आईच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

"कधी गं...?"

"असं काय करतोस? तुझ्याच मांडीवर तर गेली. एक पाचला."

एक पाचला आमच्या विमानानं जमीन सोडली होती.

मी बोर्डिंग पास तिच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला.

"पण तू दहाला आलास... म्हणजे तो आला. चार शब्दसुद्धा बोलला नाही. पाणी प्यायला नाही. नुसता हात धरून बसला होता." तिचा आवाज अगदी खाली गेला. "आई त्याच्या कानात बराच वेळ बोलत होती रे..."

"काय?"

"मला ऐकू नाही आलं. तो मान हलवत होता. शेवटी ती हसली, समाधानानं."

खाली जिन्यावर डॉक्टरांचा आवाज आला. कुणाशी तरी बोलत ते वर येत होते. ताईनं माझा दंड घट्ट धरला.

"दार लाव... कडी लाव आधी..."

भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू! पण आईचं शेवटचं बोलणं त्याच्या एकट्यापाशी होतं. मी ताईचा हात सोडवला आणि दार सताड उघडलं.