हाकबंध

सागवेळ गावात सकाळी एकमेकांना कोणी ख्यालीखुशाली विचारत नसे. पहिला प्रश्न एकच असे, "काकी, धक्को किती वाढलो?"

आणि रसिकाकाकी हातातली लहान लोखंडी हातोडी पदराला पुसत सांगायची, "कालच्यापरास चार बोटां."

रसिका कुबल तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. (आजीबाईंचं नाव रसिका कसं, असं कोणी विचारू नये. ही गोष्ट घडली त्या काळात आज्यांची नावं रसिका, सायली, मृण्मयी अशीच असत. यशोदा आणि द्वारका बालवाडीत जात.) ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर जायचं आणि त्यांना चिकटलेली कालवं फोडायची, हा तिच्या आईचा आणि आजीचा धंदा. तोच तिने चाळीस वर्षं केला. शिंपल्यांच्या कडांनी कापून कापून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. ओळखपत्राच्या यंत्राने तिचा अंगठा कधी ओळखला नाही. गावातल्या या बाईच्या देखरेखीखाली आता कोकणातला सर्वांत मोठा जहाजधक्का वाढत होता. वाढत होता म्हणजे खरोखरच, दुधी भोपळा वाढतो तसा.

या धक्क्याची सुरुवात झाली ती गावच्या देवळात भरलेल्या सभेत. नीलपंख क्रूझ कंपनीचे आग्नेल लोबो गोव्याहून आले होते. क्रूझ म्हणजे पर्यटकांचं जहाज, अख्खं गावच तरंगत आल्यासारखं. तीन हजार माणसं एका वेळी उतरणार. त्यांच्यासाठी धक्का हवा, टर्मिनल हवं, आणि तेवढा पैसा ना सरकारकडे होता, ना गावाकडे.

"समजा, तुम्हाला खानावळ काढायची आहे," लोबोंनी मांडी घालून बसत सांगितलं. "पैसे नाहीत. मी येतो आणि लिहून देतो, की वर्षातून शंभर दिवस मी तीन हजार पानं उठवीन. माणसं आली नाहीत तरी पानांचे पैसे भरीन. हा कागद बघून सावकार तुम्हाला कर्ज देतो. काही रक्कम मी पदरची घालतो. त्याच्या बदल्यात खिडकीजवळचं टेबल तीस वर्षं माझं. मी येईन तेव्हा दुसऱ्याला उठावं लागेल. तीस वर्षं झाली, की भांड्याकुंड्यांसकट खानावळ तुमची. जगातली निम्मी क्रूझ टर्मिनलं अशीच उभी राहिली आहेत."

लोकांना हे पटलं. मागून रसिकाने विचारलं, "तीस वर्सांनी ती खानावळ उभी आसतली काय?"

प्रश्न बरोबर होता. समुद्र तोवर हातभर वर आला होता. शेजारच्या दोन बंदरांत काँक्रीटचे धक्के वीस वर्षांतच खचले होते. गावांच्या पदरात पडले ते दगड आणि गंजलेल्या सळया.

तेव्हा लोबोंच्या बाजूला बसलेला एक लाजरा माणूस घसा खाकरत उभा राहिला. डॉक्टर सलील आगाशे, सागरी जीवशास्त्रज्ञ. तो म्हणाला, "मी जो धक्का सांगतोय, तो तीस वर्षांनी नव्यापेक्षा मोठा आणि घट्ट असेल. कारण तो जिवंत असेल."

त्याने सांगितलं ते असं. कालवाचं पिल्लू डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक असतं. दोनतीन आठवडे ते पाण्यात भटकतं. मग त्याला एकदाच, कायमची जागा निवडावी लागते. एकदा चिकटलं की संपलं. ही जागा ते आवाजावरून शोधतं. जिथे दुसऱ्या कालवांचा, खडपाचा आवाज येतो, तिथे ते वळतं. एकावर एक कालवं चिकटत गेली, की त्यांच्या शिंपल्यांची आणि डिंकाची भिंत होते, अगदी दगडासारखी. पाणी वर चढलं की भिंतही वर चढते. मोडली तर तीच भरून निघते. फक्त तिला योग्य जागी हाक मारायला हवी. म्हणून सलीलने या भिंतीला नाव दिलं होतं, हाकबंध.

कल्पना सोन्यासारखी होती, पण पहिली दोन वर्षं ती चालली नाही. सलीलने पाण्यात भोंगे सोडले, खडपाचे आवाज रात्रंदिवस वाजवले. पिल्लं यायची, घुटमळायची आणि निघून जायची. सलील काठावर डोकं धरून बसायचा. शेवटी एका ओहोटीला कालवं फोडता फोडता रसिकाच त्याला म्हणाली, "डाक्टर, तुमचो भोंगो नुसतो बोलता. आयकता खंय?"

"म्हणजे?"

"मी हातोडीन टिचकी मारतंय. कालव भरलेला आसा तर आवाज येगळो, पोकळ आसा तर येगळो. ता आयकतंय, मगे दुसरी मारतंय." तिने दाखवलं. टक, टक, टक. तीन कालवं फोडली आणि चौथ्यापाशी हात थांबवला. "हो खडपाचो वाटो. चौथा फोडूचा नाय, आमची रीत आसा. आये म्हणायची, खडपाकडे इचारून घी, मगेच हात लाव."

सलीलने खिशातली वही काढली. ज्या जागी या बाया पिढ्यान्‌पिढ्या टिचकी मारत होत्या, तिथेच कालवं दाट होती, हे त्याने नोंदवून ठेवलं होतं; का, ते आत्ता कळलं. टिचकी बसली की कालवं शिंपला मिटतात, त्याचा बारीक 'चट्' आवाज होतो. बाई तो ऐकते आणि त्याप्रमाणे थांबते. हे बोलणं नव्हतं, संभाषण होतं, आणि पिल्लं संभाषणाकडे येत होती.

मग सगळं भराभर झालं. सलीलने दोनतीन महिन्यांतच वाढून पिल्लं देणारी कालवं टाक्यांत पोसली. रसिका रोज येऊन टाकीच्या दगडावर टिचकी मारायची. जी पिल्लं तिच्या हाकेला आली ती ठेवायची, उरलेली समुद्रात सोडायची. अशा वीस पिढ्या झाल्या. बाकीच्या बायांना आंब्याच्या हंगामात सवड नव्हती, आणि रसिकाचा हात उत्तम होता. तेव्हा सोय म्हणून सगळं काम तिच्याच हातून होत गेलं. मग समुद्रात पोलादी जाळीचा सांगाडा उभा केला, त्यावर ही कालवं सोडली, आणि हाकबंध चढू लागला. लांबून माणसं बघायला येत. राखाडी, खडबडीत, ओली, साडेतीनशे मीटर लांब भिंत, कोणी न बांधलेली! एका टोकाला टिचकी मारली तर ती दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. कंपनी दर वीस मीटरला एक हप्ता सोडत होती. करारात गावाने पाळायची एकच मोठी अट होती, की धक्का जिवंत ठेवायचा.

रसिकाला या भिंतीचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे. पण तिच्या मनात त्याहून मोठी एक गोष्ट होती. तिची मुलगी ओवी. ओवी सहा महिन्यांची असताना तिचा बाप समुद्रात गेला तो परत आला नाही. तेव्हापासून रसिका तिला पाठीला बांधून खडपावर नेत असे. घरी ठेवायचं कोणाजवळ? पोर कळती झाली तसं रसिकाने ठरवलं, की हिच्या बोटांवरच्या रेषा शाबूत राहिल्या पाहिजेत. तिने ओवीच्या हातात हातोडी कधी दिली नाही, पुस्तकं दिली. ओवी जहाजावरची अधिकारी झाली. आणि पहिलं जहाज, 'नीलपंख सात', धक्क्याला लागणार होतं ते ओवीला घेऊनच. त्या जहाजाची ती सेकंड ऑफिसर होती.

जहाजाची तारीख महिन्यावर आली आणि रसिकाला न्यूमोनिया झाला.

तीन आठवडे ती कुडाळच्या इस्पितळात होती. गावातल्या चार तरबेज बाया तिच्या जागी रोज टिचकी मारत होत्या. रसिका परत आली ती घरी न जाता थेट धक्क्यावर गेली. पुढच्या टोकाला वाकून तिने हातोडी मारली, कान दिला. उत्तर आलं नाही. भिंत पोकळ वाजत होती.

"गेले तीन हप्ते माका बोलावक कित्या नाय इलास?" ती सलीलवर कडाडली.

सलीलचा चेहरा आधीच उतरला होता. यंत्रावरचे आकडे तो रोज बघत होता. नवी पिल्लं बसत नव्हती, आणि नवी बसली नाहीत की वरची जिवंत साल विरळ होते, पोखरणारे किडे आत शिरतात. पुढचे चाळीस मीटर जहाजाचा भार घेण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. ठरल्या दिवशी जहाज लागलं नाही तर कंपनीची हमी संपणार होती, हमी गेली की कर्ज गावाच्या मानेवर बसणार होतं.

"काकी, चूक माझी आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, मी कालवांना माणसाची हाक शिकवतोय. वीस पिढ्या त्यांनी एकच हात ऐकला. किती जोरात, किती थांबून, चौथ्यापाशी किती वेळ. त्या चौघींचा हात चांगलाच आहे. पण कालवं माणसाला ओळखत नाहीत, तुम्हाला ओळखतात."

दुसरं कोणी असतं तर हे ऐकून फुगलं असतं. रसिकाने पदर खोचला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला ओल्यात जायची सक्त मनाई केली होती. ती अकरा ओहोट्या गेली. छातीला शाल घट्ट बांधून, धापा टाकत, चार टिचक्यांनंतर टेकत. सलील मागे स्टूल घेऊन फिरायचा. पाचव्या ओहोटीला पहिला बारीक 'चट्' आला. नवव्याला सगळं टोक कुजबुजू लागलं. अकराव्याला सलीलने भार तपासला आणि हा पन्नाशीचा शास्त्रज्ञ ओल्या भिंतीवर बसून चक्क रडला.

तिथेच त्याने दुसरी गोष्ट सांगितली. "मी नव्या हातांवर नवी कालवं पोसायला घेतोय. पण भिंतीला ती लागू पडायला दहा वर्षं लागतील. काकी, मधली दहा वर्षं..."

"माझी छाती दहा वर्सां काढूची नाय, ता माका म्हायत आसा," रसिका शांतपणे म्हणाली.

"मी गावातल्या सगळ्या बाया तपासल्या. एकीलाही भिंत उत्तर देत नाही. तुमच्यासारखा हात असणारं दुसरं कोणी आठवतंय?"

"नाय," रसिका म्हणाली. खरोखरच तिला तेव्हा कोणी आठवलं नाही.

जहाज आलं ते भल्या सकाळी. किती देखणं! पांढरं, सात मजली, आणि पाण्यात इतकं अलगद, की धक्क्याला लागलं ते कळलंसुद्धा नाही. तेवढा भार भिंतीने झेलला आणि एक कपचीही हलली नाही. ढोल वाजले. लोबोंनी सलीलला मिठी मारली. रसिकाचं कशातच लक्ष नव्हतं. शिडीवरून पांढऱ्या गणवेशात, खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावून तिची लेक उतरत होती. इतकी वर्षं कशासाठी हात कापून घेतले, ते तिच्या डोळ्यांसमोर चालत येत होतं.

ओवी आईला बिलगली आणि मग तिचे कापलेले हात तिने आपल्या गालांना लावले. दोघी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसल्या. सलील दूर, धक्क्याच्या किनाऱ्याकडच्या टोकाला पाहुण्यांना यंत्र दाखवत होता.

"ह्यां सगळां तू वाढयलंस, आये?" ओवी भिंतीवरून हात फिरवत म्हणाली. "बघू तरी." आणि तिने सहज आईच्या मांडीवरची हातोडी उचलली.

टक, टक, टक. मग ती थांबली. कोणी शिकवलं नव्हतं. आईच्या पाठीवर झोपून जेवढं अंगात मुरलं होतं, तेवढीच, नेमकी तेवढीच ती थांबली.

चट्.

रसिकाच्या कानांनी चाळीस वर्षांत असा स्वच्छ आवाज ऐकला नव्हता. भिंतीने उत्तर दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, की हा आवाज आपल्याला ऐकू यायला नको होता.

"पोकळ आसा हयसर," ती घाईने म्हणाली. "सोड. हात कापतलो. आण ती हातोडी हकडे."

ओवीने आईकडे पाहिलं. मग गावाकडे, ढोलांकडे आणि खाली त्या ओल्या, राखाडी भिंतीकडे पाहिलं. आई कधी खोटं बोलत नसे, म्हणून तिला ते जमतही नसे.

"आये, सलीलकाकांनी पत्रात लिवल्यानी होता, की तुझ्यामागे कोण नाय."

"नाय तर नाय. तुझा जहाज वाट बघता. उठ."

रसिकाने हात पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला. ओवीने हातोडी दिली नाही. ती म्हणाली, "पोकळ नाय ह्यां, आये. माझ्याकडे बोलता," आणि तिने पुन्हा मारली. टक, टक, टक. ती थांबली, आणि भिंत उत्तर देऊ लागली. ते उत्तर टोकापासून निघालं, जहाजाच्या पोटाखालून सरकत साडेतीनशे मीटर पार गेलं आणि दुसऱ्या टोकाला पाहुण्यांशी बोलता बोलता सलील आगाशेने मान वर केली.